कार्डावर शब्द येतो, बोलताना अडतो: फ्लॅशकार्डांची नेहमीची तक्रार आणि तिच्यावरचे उपाय

परकीय भाषेच्या वर्गात सत्र सुरू होऊन दोन-तीन महिने झाले की फ्लॅशकार्डं, म्हणजे एका बाजूला शब्द आणि दुसऱ्या बाजूला अर्थ असलेली कार्डं, वापरणाऱ्या मुलांकडून एक तक्रार हमखास येते. "मॅडम, मी रोज कार्डं करते. ॲपमध्ये सगळं हिरवं दिसतं. पण तुम्ही वर्गात विचारलंत की तोच शब्द जिभेवर येत नाही." शिकवणाऱ्यांचीही तक्रार हीच असते, फक्त दुसऱ्या बाजूने: मुलांचे गुण उत्तम, पण एक वाक्य धड बोलता येत नाही.

मी जर्मन आणि स्पॅनिश शिकवते. सुरुवातीची काही वर्षं या तक्रारीवर मी "सराव वाढवा" एवढंच सांगत होते. मुलं सराव वाढवायची आणि पुढच्या महिन्यात तीच तक्रार घेऊन परत यायची. मग एकेकाच्या शेजारी बसून त्यांची कार्डं बघायला लागले, तेव्हा लक्षात आलं की मुलं मेहनत पुरेशी करताहेत. कार्ड एक गोष्ट विचारतं आणि वर्गात आपण दुसरीच मागतो. खाली लिहिलेलं सगळं हे अंतर कमी करण्यासाठी आहे. उदाहरणं मी बहुतेक अँकी या फ्लॅशकार्ड ॲपची देते, कारण त्यात आतल्या गोष्टी बदलता येतात. पण क्विझलेट किंवा दुसरं कुठलंही ॲप वापरत असाल तरी मूळ दुखणं तेच असतं.

आधी बिघाड कुठे आहे ते शोधा

सेटिंगला हात लावण्याआधी दहा शब्दांची एक चाचणी घ्या. ॲपच्या मते पक्के झालेले दहा शब्द निवडा. अँकीमध्ये ज्या कार्डाचं अंतर, म्हणजे ते पुन्हा समोर येईपर्यंतचा काळ, २१ दिवस किंवा जास्त असतं त्याला 'मॅच्युअर' म्हणतात, त्यातलेच घ्या. मग प्रत्येक शब्दासाठी चार पायऱ्या अवघडाकडून सोप्याकडे उतरा. आधी मराठी अर्थ सांगून थेट वाक्य मागा. जमलं नाही तर नुसता शब्द मागा. तोही आला नाही तर शब्द ऐकवा आणि अर्थ विचारा. शेवटी शब्द लिहून दाखवा आणि अर्थ विचारा. क्रम उलटा करू नका, कारण सोपा प्रश्न आधी विचारला की अवघड प्रश्नाचं उत्तर त्यातच फुटतं.

माझ्या अनुभवात तक्रार घेऊन येणारी बहुतेक मुलं शेवटच्या पायरीवर दहापैकी नऊ-दहा शब्द ओळखतात आणि पहिल्या पायरीवर दहापैकी जेमतेम दोन-तीनच जमवतात. काही मुलं ऐकण्याच्या पायरीवर घसरतात, म्हणजे त्यांनी शब्द कायम मूकपणे वाचला, कानावर कधी पडलाच नाही. आणि एखादं मूल शेवटच्या पायरीवरही अडखळत असेल, तर दोष बहुधा बटणं दाबण्याच्या सवयीत आहे. त्याबद्दल पुढे लिहिते.

पहिलं आणि सर्वांत मोठं कारण: कार्ड फक्त ओळख तपासतं

समोर परकीय शब्द, मागे अर्थ, असं कार्ड महिनाभर केलं की मेंदूला तो शब्द *पाहून ओळखण्याची* सवय होते. बोलताना शब्द समोर नसतो. तो आतून काढावा लागतो, आणि त्या कामाचा सराव एकदाही झालेला नसतो. चार पर्यायांतून निवडणं किंवा जोड्या जुळवण्याचा खेळ यांत ओळखही पुरती लागत नाही. आठ जोड्यांपैकी सहा माहीत असल्या तर उरलेल्या दोन अंदाजाने जुळतात. वर्गात पाच मिनिटं उत्साह आणायला ते खेळ चांगले आहेत, मीही घेते. पण त्यांचे गुण शब्द आल्याचा पुरावा म्हणून वहीत टिपू नका.

उपाय सोपा आहे. कार्डाची दिशा फिरवा, म्हणजे समोर मराठी आणि उत्तर परकीय भाषेत. अँकीमध्ये नोट (शब्दाची मूळ नोंद, जिच्यावरून कार्डं बनतात) तयार करताना 'बेसिक अँड रिव्हर्स्ड' हा प्रकार घेतला की दोन्ही दिशांची कार्डं आपोआप बनतात. इथे एक अडचण येते आणि ती सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. दोन्ही दिशांची कार्डं एकाच दिवशी समोर आली तर पहिलं कार्ड दुसऱ्याचं उत्तर सांगून जातं, आणि दोन्हीवर खोटा 'आला' असा शिक्का बसतो. डेकच्या (कार्डांच्या गड्डीच्या) पर्यायांत 'बरी सिब्लिंग्ज' चालू केलं की जोडीचं कार्ड दुसऱ्या दिवसावर ढकललं जातं.

दिशा बदलली तरी पान उलटण्याची घाई राहतेच. मराठी शब्द दिसतो, मनात काहीतरी धूसर हलतं, बोट पान उलटतं, आणि उत्तर बघून वाटतं, "हां, हेच तर म्हणणार होते." म्हणून वर्गात माझा नियम असा आहे: उत्तर आधी मोठ्याने म्हणायचं किंवा टाइप करायचं, मगच कार्ड उलटायचं. बसमध्ये मोठ्याने म्हणता येत नसेल तर ओठ हलवा, तेवढंही चालतं. मोठ्याने म्हणण्यात लाज वाटणारी मुलं असतात, त्यांना टाइप करायला सांगते.

जेफ्री कार्पिक आणि हेन्री रोडिगर या मानसशास्त्रज्ञांचा २००८ सालचा 'सायन्स' या नियतकालिकातला प्रयोग मी पालकांना आणि मुलांना नेहमी सांगते. विद्यार्थ्यांना ४० स्वाहिली शब्द आणि त्यांचे इंग्रजी अर्थ दिले होते. शब्द एकदा आठवल्यावर काहींनी तो पुढे फक्त वाचला आणि त्याची चाचणी देणं थांबवलं. काहींनी चाचणी चालू ठेवली. आठवड्यानंतर चाचणी चालू ठेवणाऱ्यांना सुमारे ८० टक्के शब्द आठवले, थांबवणाऱ्यांना साधारण एक तृतीयांश. आणि आपल्याला किती आठवेल याचा अंदाज विचारला होता तेव्हा सगळ्या गटांनी जवळजवळ सारखाच, निम्म्याच्या आसपासचा आकडा सांगितला होता. "हा शब्द मला येतो, काढून टाकते" हे आपलं मन किती सहज म्हणतं आणि किती चुकतं, ते या प्रयोगात दिसतं. म्हणून एकदा बरोबर आला म्हणून शब्द डेकमधून उडवू नका. त्याचं अंतर ॲपला वाढवू द्या.

दुसरं कारण: कार्डावर मधलीच भाषा बसलेली असते

हे कारण मराठी विद्यार्थ्यांच्या बाबतीत मला फार महत्त्वाचं वाटतं आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

स्पॅनिशच्या पहिल्या सत्रातली एक विद्यार्थिनी होती, कार्डांच्या बाबतीत वर्गात सर्वांत नियमित. तिला "मला पुस्तक आवडतं" हे स्पॅनिशमध्ये सांगायला सांगितलं. ती म्हणाली, "यो गुस्तो एल लिब्रो." मी तिचं कार्ड उघडून पाहिलं. समोर 'गुस्तार', मागे 'टु लाइक'. तयार डेक उतरवून घेतला होता, अर्थ इंग्रजीतले. इंग्रजीत ज्याला आवडतं त्या माणसापासून वाक्य सुरू होतं, म्हणून तिनेही 'मी'पासून सुरुवात केली.

मी वहीत तिची दोन मराठी वाक्यं लिहिली आणि खाली स्पॅनिश लिहिलं. "मला पुस्तक आवडतं", मे गुस्ता एल लिब्रो. "मला पुस्तकं आवडतात", मे गुस्तान लोस लिब्रोस. तिने दोन्ही ओळी पाहिल्या आणि म्हणाली, "अहो मॅडम, हे तर आपल्यासारखंच आहे!" खरंच तसंच आहे. 'मला' तिथेही 'मला'च आहे, क्रियापद तिथेही पुस्तकाप्रमाणे बदलतं. जर्मनमधलं "मिअर गेफेल्ट दास बूख" हेही याच घडणीचं. तिला जे आधीपासून येत होतं ते वापरायची संधीच कार्डाने दिली नव्हती.

अशी उदाहरणं एकदा शोधायला लागलं की सापडतच जातात. इंग्रजी 'नो' या एका शब्दाखाली स्पॅनिशचे 'साबेर' आणि 'कोनोसेर', जर्मनचे 'विसेन' आणि 'केनेन' एकत्र दडपले जातात आणि मुलं आयुष्यभर गोंधळतात. मराठीत "मला उत्तर माहीत आहे" आणि "मी तिला ओळखते" हे वेगळेच आहेत. कार्डावर ही दोन वाक्यं टाका, निम्मा गोंधळ तिथेच संपतो. जर्मनचे 'डू' आणि 'झी' इंग्रजीत 'यू' होतात. मराठीत तू आणि तुम्ही आहेतच. आणि 'वार्टेन आउफ' हे "वाट पाहणे" असं लिहून खाली "मी तुझी वाट पाहते, इश वार्टे आउफ दिश" असं पूर्ण वाक्य दिलं तर 'आउफ' सुटत नाही. नुसतं 'वार्टेन' लिहिलं की दरवेळी सुटतो.

मराठी सगळीकडे तारून नेते असं मात्र नाही. स्पॅनिशचे 'सेर' आणि 'एस्तार' दोघेही मराठीत 'आहे'च होतात. "ती उंच आहे" यात 'एस' ('सेर'चं रूप), "ती घरी आहे" यात 'एस्ता' ('एस्तार'चं रूप). अशा ठिकाणी अर्थ एका शब्दात लिहिणं सोडून द्या आणि फक्त रिकामी जागा असलेली वाक्यं ठेवा. अँकीत त्यासाठी 'क्लोझ' प्रकारची नोट आहे.

लिंगाचंही तसंच. जर्मनमध्ये चमचा 'डेअर ल्योफेल', काटा 'डी गाबेल', सुरी 'दास मेसर'. एकाच ताटाशेजारच्या तीन वस्तू, तीन लिंगं. आपल्याकडेही तीन लिंगं आहेत, त्यामुळे कल्पना समजावी लागत नाही. पण तो काटा, ती सुरी ही आपली लिंगं मुलं नकळत तिकडे नेतात आणि "डी मेसर" लिहितात. उपाय एकच: कार्डाच्या उत्तरात आर्टिकल (नामाआधीचं डेअर, डी किंवा दास) हवंच, आणि आर्टिकल चुकलं तर ते कार्ड चुकलं. याबाबत मी सवलत देत नाही. "शब्द तर आला होता" असं म्हणून पुढे जाऊ दिलं की वर्षभराने तीनशे नामं येतात आणि एकाचंही लिंग खात्रीने सांगता येत नाही.

एकूण सल्ला असा: तयार डेक उतरवायला हरकत नाही, पण अर्थाचा रकाना स्वतः मराठीत लिहा आणि प्रत्येक कार्डावर एक छोटं वाक्य घाला. वेळखाऊ आहे हे मान्य. म्हणूनच आठवड्याला शंभर शब्दांऐवजी तीस-चाळीस घ्या. मी वर्गासाठी शब्द आणि पहिलं वाक्य देते, दुसरं वाक्य प्रत्येकाने स्वतःच्या आयुष्यातलं घालायचं.

तिसरं: 'हार्ड' बटणाचा चुकीचा वापर

ही चूक अगदी छोटी दिसते पण पूर्ण वेळापत्रक बिघडवते. अँकीत उत्तरानंतर चार बटणं असतात: अगेन, हार्ड, गुड, ईझी. पुष्कळ मुलं शब्द आठवला नाही की 'हार्ड' दाबतात, कारण शब्द अवघड होता आणि 'अगेन' दाबणं म्हणजे नापास झाल्यासारखं वाटतं. पण अँकीच्या हिशेबात 'हार्ड' म्हणजे *आठवला, पण कष्टाने*. म्हणजे विसरलेला शब्द आठवलेला म्हणून नोंदला जातो आणि त्याचं अंतर वाढत जातं. २०२३ पासून अँकीत 'एफएसआरएस' ही नवी गणनपद्धत आली आहे. ती तुमच्याच नोंदींवरून तुमच्या स्मरणाचा अंदाज बांधते. तिला चुकीच्या नोंदी दिल्या की तिचे सगळेच अंदाज लांबतात.

चाचणीच्या शेवटच्या पायरीवरही कोणी अडखळत असेल तर आधी हे विचारा: "आठवलं नाही तर कोणतं बटण दाबतोस?" उत्तर 'हार्ड' आलं तर पुढचा महिनाभर दोनच बटणं वापरायला सांगा, अगेन आणि गुड. आधीच्या चुकीच्या नोंदी आपोआप दुरुस्त होत नाहीत, पण विसरलेली कार्डं जशी परत येतील तशी 'अगेन' दाबली की मार्गी लागतात.

चौथं: साचलेला ढीग

अँकीत मुळातली मर्यादा रोज २० नव्या कार्डांची असते. ऐकायला कमी वाटतं. पण प्रत्येक नवं कार्ड पुढे पुन्हा पुन्हा येतं, आणि काही आठवड्यांत रोजची उजळणी शंभर-दीडशेच्या घरात जाते. परीक्षेचा आठवडा किंवा आजारपण आलं की चार दिवस सुटतात. पाचव्या दिवशी सहाशेचा आकडा दिसतो आणि मूल ॲपच उघडेनासं होतं.

असं झालं असेल तर डेक पुसून नव्याने सुरू करू नका, सगळा इतिहास जातो. नवी कार्डं शून्यावर आणा. रोज वीस मिनिटांचा गजर लावा, तेवढ्यात होतील तेवढी करा, बाकीची राहू द्या. ढीग संपेपर्यंत दोन-तीन आठवडे लागतात, लागू द्या. मग दिवसाला पाच ते आठ नव्या कार्डांवर स्थिर व्हा. वर्गासोबत चालायला एवढा वेग पुष्कळ होतो.

याच्या उलट टोकाची मुलं ढीग टाळण्यासाठी शब्दांचे छोटे छोटे संच करतात आणि एकेक संच लागोपाठ चार-पाच वेळा घोटतात. त्या वेळी सगळं येतं, म्हणून समाधान वाटतं. नेट कॉर्नेल यांच्या २००९ सालच्या फ्लॅशकार्डांवरच्या प्रयोगांत नेमकं हेच तपासलं होतं. मोठी गड्डी एकत्र फिरवून मधे अंतर ठेवणं ९० टक्के लोकांना जास्त उपयोगी पडलं, तरी पहिल्या फेरीनंतर ७२ टक्के लोकांना घोटणंच चांगलं वाटत होतं. मुलांना हा आकडा सांगितला की ती निदान पंधरा दिवस माझं ऐकतात, आणि तेवढ्यात फरक त्यांना स्वतःलाच दिसतो.

पाचवं: एकमेकांत गुंतलेले शब्द

काही कार्डं कितीही केली तरी अडतातच. अँकी आठ वेळा विसरलेल्या कार्डावर 'लीच' अशी खूण करतं आणि सेटिंगप्रमाणे ते बाजूलाही काढतं. ही लीच कार्डं अँकीच्या ब्राउझरमध्ये, म्हणजे कार्डांच्या यादीत, एकत्र काढून बघा. बहुतेक वेळा ती जोडीने सापडतात.

माझ्या स्पॅनिशच्या वर्गात दरवर्षी सापडणारी जोडी म्हणजे 'आ ला देरेचा', उजवीकडे, आणि 'देरेचो', सरळ. दोन्ही मी दिशांच्या धड्यात एकाच दिवशी शिकवत होते, त्यात डावीकडेही त्याच दिवशी. पाठ्यपुस्तकं शब्द विषयवार देतात: रंग एका पानावर, आठवड्याचे वार एका पानावर. नीटनेटकं दिसतं, पण लक्षात ठेवायला तेच त्रासदायक ठरतं. थॉमस टिंकहॅम यांनी १९९३ साली आणि रॉब वॅरिंग यांनी १९९७ साली हे तपासलं. एकाच गटातले नवे शब्द एकत्र शिकणं असंबद्ध शब्द शिकण्यापेक्षा जड गेलं.

आता मी 'उजवीकडे' पहिल्या आठवड्यात देते, तो पक्का झाला की 'डावीकडे', आणि 'सरळ' त्यानंतर. आधीच गुंतलेल्या जोडीपैकी एक कार्ड महिनाभर थांबवून ठेवायचं, अँकीत 'सस्पेंड' करायचं. दुसरं पक्कं झालं की पहिलं परत सुरू, तेही नव्या वाक्यासह. लीच कार्ड जसंच्या तसं पुन्हा सुरू करण्यात अर्थ नाही, ते लिहिलंच बरोबर नव्हतं.

दोन किरकोळ पण वेळ खाणाऱ्या गोष्टी इथेच सांगून टाकते. कार्डाचा आवाज विचित्र वाटत असेल तर त्या बाजूची भाषा चुकीची निवडलेली असते आणि जर्मन शब्द इंग्रजी वळणाने वाचला जातो. सेटमध्ये (शब्दांच्या संचात) भाषा बदला. आणि टाइप करताना टिंबं गाळू नका. जर्मनमध्ये 'शोन' म्हणजे आधीच, आणि ओवर दोन टिंबं दिली की 'श्योन', म्हणजे सुंदर. फोनवर ते अक्षर दाबून धरलं की टिंबांचा पर्याय येतो. उत्तर तपासताना टिंबांकडे दुर्लक्ष करण्याची सोय ॲपमध्ये असेल तर ती बंद ठेवा.

वर्गात काय बदलायचं

इतकं करूनही शब्द कार्डाबाहेर कधी वापरलाच नाही तर तो कार्डावरच राहतो. मी तास सुरू होताना पाच मिनिटं राखून ठेवते. मुलांनी त्या दिवशी उजळणीत आलेले कोणतेही तीन शब्द निवडायचे आणि शेजाऱ्याला त्या शब्दांचे प्रश्न विचारायचे. शेजाऱ्याने पूर्ण वाक्यात उत्तर द्यायचं. फोन पालथा. सुरुवातीला शांतता असते, दोन आठवड्यांनी आवाज कमी करा म्हणून सांगावं लागतं.

किती कार्डं केली किंवा सलग किती दिवस ॲप उघडलं यावर गुण देणं मी पूर्ण बंद केलं. गुण दिले की मुलं रात्री अकराला भराभर 'गुड' दाबत सुटतात, आणि त्यांना दोष तरी कसा देणार, आपणच ते मागितलेलं असतं. त्याऐवजी महिन्यातून एकदा दहा शब्दांची ती चाचणी घेते आणि फक्त पहिल्या दोन पायऱ्यांचे गुण धरते.

बदल केल्यावर लगेच निकाल बघू नका. आज फिरवलेलं कार्ड 'मॅच्युअर' व्हायला काही आठवडे लागतात, म्हणून पुढची चाचणी चार आठवड्यांनी ठेवा आणि शब्द दिशा बदललेल्या कार्डांतूनच घ्या. वाक्याच्या पायरीवर दोन-तीनऐवजी पाच-सहा शब्द टिकले तर कार्डं आता ठीक चालली आहेत, तसंच पुढे जा. आकडा जागचा हलला नसेल तर त्या मुलाच्या शेजारी दहा मिनिटं बसा आणि ते कार्डं करत असताना काही न बोलता नुसतं बघा. पान उलटण्याआधी ओठ हलतात का, एवढंच पाहायचं.